मीटरवरचे पाच हजार

तावाउजवळ, साबा, मलेशिया
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय ग्रेता,

तुझं नाताळचं पत्र काल मिळालं. ज्या माणसाने ते आणलं, त्याच्याबरोबर सिसिलिया काकूंचंही आलं. तुझ्या पत्रात सगळं क्षेम आहे आणि काकूंच्या पत्रात काहीच क्षेम नाही, म्हणजे गोलो लांतीत सगळं नेहमीसारखं चाललं आहे असं मी धरून चालतो.

काकूंची मुख्य तक्रार आपल्या ओतोबद्दल आहे, माणसं आणि पोती वाहणाऱ्या आपल्या एकुलत्या लॉरीबद्दल. त्या लिहितात, तुमच्या घराचे सगळे खांब जळक्या ऑइलने काळे कुळकुळीत झालेत, शेजाऱ्यांचेही झालेत आणि आता चॅपेलच्या कुंपणाचे चालू आहेत. त्याने लाकडाला वाळवी लागत नाही हे मलाही माहीत आहे. पण इतकं जळकं ऑइल येतं कुठून? तुझा नवरा म्हणे दर महिन्याला इंजिनाचं ऑइल बदलतो. ओतो माझी, चालवतो दोमी, आणि तुमचं घर तिच्यावर चालतं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. परत आलो की मलाही तिच्यावरच पोट भरायचं आहे. पण गावच्या खांबांना रंग द्यायला मी ती घेतलेली नाही.

इथे मळ्यावरच्या तीस लॉऱ्या माझ्या देखरेखीखाली आहेत. सगळ्यांना नियम एकच. मीटरवर पाच हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलायचं, त्याआधी नाही. दोमीला हे सांग. ऑइल काळं दिसतं असं तो म्हणाला, तर डिझेल इंजिनातलं ऑइल दुसऱ्याच दिवशी काळं होतं, त्याला घाबरायचं नसतं, हेही सांग.

आणखी एक. ईस्टरनंतर काकांच्या मागचं शेवटचं कार्य आहे. मला येता येणार नाही. आपल्या घराण्याचं कार्य अंधारात होता कामा नये. दोमीला म्हणावं, ओतो काकूंच्या अंगणात लाव आणि दिवे, भोंगा तिच्यावर चालव. आपण त्याला मुलगी दिली आहे. आपल्यात मुलीकडच्यांचा शब्द वरचा, त्यांचं काम म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही.

तुझा दादा,
कानिस


गोलो लांती, फ्लोरेस, इंडोनेशिया
२० एप्रिल १९९६

प्रिय कानिस दादा,

काकांचं कार्य पार पडलं. म्हैस कापली, डुकरं कापली, आणि मटणाच्या वाटणीवरून भांडण झालं नाही, ही पहिलीच वेळ असावी. ओतो काकूंच्या अंगणात उभी होती. पाहुणे होते तोवर एकदाही दिवे गेले नाहीत. बॅटरी उतरू नये म्हणून दोमीने इंजिन बंदच केलं नाही. तो बाकडं टाकून ओतोजवळ बसून राहिला, त्याचं जेवणही मी तिथेच नेऊन दिलं. सगळ्यांनी तुझं नाव घेतलं. कानिस तिकडे असून इथे उजेड पाडतो, असं काकू चार लोकांत म्हणाल्या. दोमीचं नाव कुणी घेतलं नाही, पण जावयाचं नाव कोण घेतं आपल्याकडे.

पाच हजारांचा निरोप मी दिला. तो "बरं" म्हणाला. तुझं काही म्हणणं आहे का विचारलं, तर नाही म्हणाला. तुला त्याचा स्वभाव माहीत आहे. घराला आग लागली तरी तो आधी चप्पल शोधेल आणि मग कुणीतरी विचारलं तर सांगेल. माझ्या मेहुण्याला, केसाला, नमस्कार लिही, एवढं मात्र आपणहून म्हणाला.

खांबांचं म्हणशील तर गावात पहिले खांब काकूंच्याच स्वयंपाकघराचे रंगले. डबा घेऊन त्या स्वतः आल्या होत्या. ते त्यांच्या पत्रात राहून गेलेलं दिसतं.

रूतेंगचा एजंट पुन्हा फिरतो आहे. पलीकडच्या वाडीतले चौघे साबाला निघाले. परवा दोमी त्याच्याशी बोलत उभा होता. म्हणून तुला सरळच लिहिते. ओतो हातात आहे तोवर दोमी इथे आहे. ती गेली तर तोही तिकडे येईल, आणि तिकडे गेलेले पुरुष किती परततात ते मी बघते आहे. तुझं नाव घेत नाही. माझी मुलं बाप असून बापाशिवाय वाढावीत असं मला वाटत नाही. तेव्हा तू सांगशील तसंच तो वागेल, याकडे मी लक्ष देईन.

डिझेल अलीकडे जास्त लागतं. पिंप लवकर संपतं.

तुझी,
ग्रेता


तावाउजवळ
२ जून १९९६

प्रिय ग्रेता,

कार्य चांगलं झालं हे काकूंनीही कळवलं. त्यांना समाधान वाटलं असेल तर ती घराण्यातली मोठीच घटना म्हणायची.

डिझेलचं वाचून मात्र विचार करतो आहे. मीटर हळूहळू पुढे जातो आणि पिंप भराभर संपतं, असं कसं होईल? इंजिन डिझेल पितं ते पळण्यासाठी. इथे एका ड्रायव्हरने मीटरची तार काढून चोरून भाडी मारली होती, म्हणून मला हे लवकर सुचतं. काकू लिहितात, दोमी बाजाराच्या दिवशी उशिरा परततो. मी आरोप करत नाही. पण तू डोळे उघडे ठेव. बायकोने विचारलं तर नवरा सांगतो, मेहुण्याने विचारलं तर नाही सांगत.

ऑइल पाच हजारांनाच. त्यात बदल नाही.

काकूंच्या धाकटीला कुपांगच्या कॉलेजात पाठवायचं ठरलं आहे, त्यासाठी जुलैत सगळा गोतावळा बोलावून सोहळा करणार आहेत. काकांमागे तिचं शिक्षण म्हणजे आपल्या सगळ्यांची जबाबदारी. ओतो तिथेही लावायला सांग. नाचगाणं होईल, भोंगा मोठा लागेल.

कानिस


गोलो लांती
२५ जुलै १९९६

प्रिय दादा,

सोहळा झाला. भोंगा इतका मोठा होता की पलीकडच्या डोंगरावरचे लोक न बोलावता आले. ओतो तुझ्या सांगण्याप्रमाणे उभी होती आणि चालू होती.

इंजिनात आता खालून ठकठक असा आवाज येतो. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण रोज बसणारी माणसं मान वळवून बघतात. दोमी सकाळी दांडी काढतो, पुसतो, ऑइल बघतो, दोन बोटांत चोळतो, वास घेतो आणि दांडी परत आत घालतो. मग मीटर बघतो. पाच हजार व्हायला अजून बराच रस्ता बाकी आहे.

मी त्याला म्हटलं, बदलून टाक, मी दादाला सांगणार नाही. तो म्हणाला, मुलीकडच्यांचा निरोप आला आहे, त्यांच्या पाठीमागे तो मोडायचा म्हणजे मी कोण झालो? आणि कामाला निघून गेला.

म्हणून मी विचारते. तू फक्त एक ओळ लिही की बदललं तरी चालेल. मला कारण नको आणि त्यालाही नको. ओळ पुरेल.

बाजाराच्या दिवशी त्याला उशीर होतो, कारण माणसं उशीर करतात. मी दोनदा बरोबर जाऊन आले.

ग्रेता


तावाउजवळ
१ सप्टेंबर १९९६

प्रिय ग्रेता,

ठकठक खराब डिझेलची असते. पिंपातून उपसलेल्या डिझेलमध्ये पाणी येतं. फिल्टर साफ करायला सांग.

एकदा नियम ठरवल्यावर ज्याने त्याने आपल्या कानाने आणि नाकाने तो मोडायचा, तर नियम कशाला हवा? माझ्या हाताखालचे तीस ड्रायव्हर असेच वास घेत बसले असते, तर मळ्याचं अर्धं उत्पन्न ऑइलमध्ये गेलं असतं. आणि एक लक्षात घे, त्याला जे म्हणायचं आहे ते तू म्हणते आहेस. त्याचं तोंड कुठे गेलं?

मी बराच विचार केला. काकूंचा विन्सेन ओतो चालवायला शिकला आहे, आपला चुलतभाऊ आहे, घरातला आहे. दोमीला पाच हजार जड जात असतील आणि डिझेलचा मेळ लागत नसेल, तर किल्ली विन्सेनला दे. काकूंनाही मी तसं लिहिलं आहे. दोमीला शेतावर काम कमी नाही.

कानिस


गोलो लांती
३ नोव्हेंबर १९९६

दादा,

ओतो गेली.

रूतेंगच्या चढणीवर, वर कॉफीची पोती आणि आत माणसं भरलेली असताना, खालून मोठा आवाज आला आणि इंजिन जाम झालं. दोमीने ब्रेकवर उभं राहून ती धरली आणि लोकांनी चाकामागे दगड लावले. कुणाला काही झालं नाही. सगळी माणसं आणि एक डुक्कर रूतेंगपर्यंत चालत गेली. मिस्त्रीने तळ उघडला तर आत ऑइल नव्हतं, डांबर होतं. बेअरिंग वितळली होती. पाच हजार अजून झाले नव्हते.

काकू त्याच संध्याकाळी आल्या. तू त्यांना लिहिलेलं पत्र माझ्या पत्राच्या आधी पोचलं होतं. त्यांनी किल्ली मागितली. मी तुझं पत्र वाचून संपवायच्या आत दोमीने खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. सध्या बंद गाडीची किल्ली विन्सेनच्या खिशात आहे आणि तो ती बोटावर फिरवत गावातून हिंडतो.

त्या गेल्यावर मी दोमीला विचारलं, तू दादाला एकदा तरी का लिहिलं नाहीस? आम्हाला लग्नाला बारा वर्षं झाली, पण तो एवढं सलग बोललेला मी ऐकला नव्हता. म्हणून जसंच्या तसं लिहिते.

तो म्हणाला, "काय लिहू? तुमचं चुकतंय असं लिहू? मी तुमच्या घरची मुलगी आणली. तुम्ही दिवे लावा म्हणालात, मी लावले. पाच हजार म्हणालात, मी मोजले. दोन्ही पाळली तर इंजिन मरणार हे मला दिसत होतं. पण दोन्हींतलं मोडायचं कुठलं, ते तू सांग."



दादा, उभ्या गाडीचा मीटर फिरत नाही. काकांच्या कार्यात आणि धाकटीच्या सोहळ्यात इंजिन रात्र रात्र चालू होतं, आणि मीटरच्या लेखी ते चालूच झालं नाही. या दोनच वेळा नाहीत. आपल्याकडचं बारसं, आपल्याकडची कणगी भरण्याची पूजा, आपल्याकडचा कुणाचाही पाहुणा आला की ओतो अंगणात. दोमी पूर्वीही ती द्यायचा, पण महिन्याच्या महिन्याला ऑइल बदलायचा, म्हणून निभावत होतं. तुझं डिझेल कुणी चोरलं नाही. ते काकूंच्या अंगणात जळलं, तुझ्याच सांगण्यावरून, आणि तुला त्याचं कौतुकही मिळालं.

मला तुझा राग आला आहे. माझाही आला आहे, कारण दोमी इथे राहावा म्हणून मी त्याला तुझं ऐकायला लावत राहिले, आणि त्यामुळेच तो चालला. त्याने एजंटला नाव दिलं आहे. जानेवारीत लाबुआन बाजोहून जहाज आहे. मुलांना अजून सांगितलेलं नाही.

ग्रेता


तावाउजवळ
८ डिसेंबर १९९६

केसा दोमी,

तुला हे माझं पहिलंच पत्र. आजवर तुझ्याबद्दल लिहायचं ते सगळं मी तुझ्या बायकोला लिहीत आलो.

माझ्या लॉऱ्या सपाट रस्त्यावर पळतात आणि थांबल्या की बंद होतात. उभं इंजिनही झिजतं हे मला माहीत होतं. पण आपली ओतो उभी कुठे असते हे मी कधी मनात आणलं नाही, आणि ती उभी करायला मीच सांगत होतो. तुला चोर म्हणायच्या आधी मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. त्याची मला लाज वाटते.

क्रँकची बेअरिंग आणि रिंगांचा जोड गावी जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो आहे. किल्ली परत करायला काकूंना लिहिलं आहे. त्या मला काय लिहितील हे मी आत्ताच वाचू शकतो. ग्रेताला सांगितलं आहे की माफी म्हणून माझ्या नावाने ताडीची, तुआकची बाटली आणि पांढरा कोंबडा तुझ्यापुढे ठेव. हे उलटं आहे. मुलगी घेणाऱ्याने देणाऱ्यापुढे बाटली ठेवायची असते, आणि आपल्या म्हाताऱ्यांनी पाहिलं तर ते मला वाळीत टाकतील. टाकू देत, मी लांब आहे.

तू इकडे येऊ नकोस असं मी सांगत नाही. तुला काही सांगण्यात अर्थ राहिला नाही. इथे कसं आहे तेवढं लिहितो. काम मिळतं, भात मिळतो. संध्याकाळी बराकीत सगळे आपापल्या मुलांबद्दल बोलतात, आणि मूल किती उंच झालं असं विचारलं की हात कुठे धरायचा हे कुणालाच कळत नाही.

आता विचारतो. ऑइल कधी बदलायचं? माझ्या मते तीन हजार ठीक होतील. पण हा निरोप नाही. तुझं काय म्हणणं आहे ते लिही, तुझ्या हाताने. ग्रेताकडून नको.

कानिस


गोलो लांती
१६ फेब्रुवारी १९९७

केसा कानिस,

मला पत्र लिहायची सवय नाही. ग्रेता समोर बसली आहे, पण ती बोलणार नाही असं ठरलं आहे. तिला जड जातंय.

जहाज गेलं. मी गेलो नाही. एजंट घरी येऊन बोलून गेला, त्याला कॉफी दिली.

तुमची बाटली समोर ठेवली तेव्हा मी हात लावला नाही. मुलीकडच्यांनी जावयापुढे बाटली ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती, काय करायचं ते कळेना. ग्रेता म्हणाली, तू पी, नाहीतर मी पिते. मग प्यायलो. कोंबडा कापला नाही. तो चांगला आहे, ठेवला आहे.

बेअरिंग बसवली. मिस्त्री आणि मी मिळून बसवली. मागच्या आठवड्यापासून ओतो बाजाराला जाते. आवाज नाही.

तुम्ही तीन हजार म्हणता. नाही.

मीटरवर काही ठरवायचं नाही. गाडी पळो की उभी राहो, चढण चढो की उतरो, इंजिन जेवढं राबेल तेवढं डिझेल पितं. आपल्याकडे डिझेल पिंपाने येतं. दोन पिंपं संपली की मी ऑइल बदलणार. मीटर काहीही म्हणो.

आणि ओतो आता कुणाच्या अंगणात चालू राहणार नाही. माझ्याकडच्यांच्या नाही आणि तुमच्याकडच्यांच्याही नाही. फादरकडे जनित्र आहे, ते भाड्याने मिळतं. विन्सेनचं लग्न जुलैत आहे. काकू ओतो मागायला आल्या होत्या. मी नाही म्हणालो. त्या लग्नाची तारीख पुन्हा सांगू लागल्या. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. त्या तुम्हाला लिहिते म्हणून गेल्या आहेत. त्यांना काय लिहायचं ते तुम्ही बघा, पण ओतो मिळणार नाही.

दोन पिंपं हा माझा अंदाज आहे. पुस्तकात नाही, कुणी सांगितलेलाही नाही. कमी होत असेल, जास्त होत असेल. दुसरं इंजिन गेलं तर तुम्हाला फार वाईट वाटेल हे मला कळतं. तरीही मी दोन पिंपंच धरणार आहे. चुकलं तर या वेळी ते माझं चुकेल.

दोमी